अकरा पोस्टरांच्या घड्या

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ अजून कळत नाही. चौथी सुटल्यावर पेन हातात आलं ते आत्ताच. हे कोणी वाचलंच तर माफ करावं. कोणी वाचू नये असंच मला वाटतं.

अंबाडी नाक्यावर आईने मला एसटीत बसवलं. खिडकीतून सुक्या जवळ्याची पुडी देत म्हणाली, "बाय, मान खाली घालून ऱ्हा. कोनाचा काय ठेवू नको." भिवंडी तिथून तासाभराची वाट, पण मी एवढी रडले की कंडक्टर म्हणाला, "दुबईला चालली का गं?"

निजामपुऱ्यात लूमचं कापड तपासून घड्या घालायचं काम मिळालं. काठाला काठ लावायचा, अंगठ्याचं नख फिरवायचं, सुरकुती राहिली तर माल परत. मुकादम मला "ए घडीवाली" म्हणायचा. नाव त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. संध्याकाळी खोलीवर यायचं, भात टाकायचा. कधी कधी दिवसभरात तोंडातून एक शब्द निघालेला नसायचा.

घरमालकीण खालाने माझ्या खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर तोंबीला आणून बसवलं. तोंबी मणिपूरची, वळ गावच्या गोडाउनात खोकी मोजायच्या ड्युटीवर. आल्या आल्या तिने भिंतीवर पाच कोरियन पोरांचं पोस्टर लावलं. खाला म्हणाली, "अगो, ह्या पाच जणांचं भाडं कोण देणार?"

ती पोरं गाणारी. तोंबीने मला सगळं शिकवलं. सगळ्यात धाकटा तो मकने. आपल्या आवडीचा तो बायस. धाकट्या बहिणीने मोठीला हाक मारायची ती ऊन्नी. म्हणून मी तिची ऊन्नी. रविवारी सायबर कॅफेत गाणं अडखळत अडखळत लागायचं आणि ती फॅनचँट म्हणायची. म्हणजे गाण्याच्या मध्ये पाचही नावं वयाच्या क्रमाने ओरडायची. "ऊन्नी, जोर से!" मी पुटपुटायचे.

"तुम्हारा बायस कौन?" तिने विचारलं. पोस्टरवर मागे कोपऱ्यात उभा असतो तो मी दाखवला. ती हसून लोळली. "उसको तो उसकी माँ भी नहीं देखती, ऊन्नी!"

एकदा म्हणाली, अगले महीने कमबॅक है. मी विचारलं, कुठे गेले होते? कुठेच नाही म्हणाली, नवं गाणं आलं की त्याला कमबॅक म्हणतात. मला ते फार आवडलं. न जाता परत यायचं.

त्या गाण्याची पोस्टरं तिने ग्रुप ऑर्डरने, म्हणजे सगळ्यांची मिळून एकदम, मागवली. तिच्या गावाकडच्या दहा मुलींनी पैसे तिच्याकडे जमा केले होते, अकरावी ती. पार्सल आलं तेव्हा ती ड्युटीवर होती. मी सही करून घेतलं. लांब नळकांडं, त्याचं तोंड वाटेतच उघडलेलं. आत पोस्टरं गुंडाळलेली. उलगडली की पुन्हा वळायची. मला वाटलं, पाठवणाऱ्याने कशीतरी कोंबली. तिचं काहीतरी आपल्या हाताने नीट करावं असं फार मनात होतं. मी अकराही पोस्टरांच्या आठपदरी घड्या घातल्या, काठाला काठ, नख फिरवून, आणि गादीखाली दाबून ठेवल्या. एवढ्या सुंदर घड्या मी कधी घातल्या नव्हत्या.

तोंबीने एक उलगडली. पाचही तोंडांवरून पांढऱ्या रेघा गेल्या होत्या. माझ्या बायसच्या तर बरोबर नाकावरून. पोस्टरला घडी पडली की ते मेलं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"किसने किया?"

"मी. नीट केलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त खाली बसली. मग त्या दहा मुलींनी तिला चोर म्हटलं, पैसे मागितले. तिने पगारातून भरले. मी पैसे देऊ केले तर म्हणाली, "रहने दो." "ऊन्नी" असं म्हणाली नाही. पुढेही नाही. दोन महिन्यांनी गोडाउनातलं काम संपलं आणि ती गावी गेली. मी फॅक्टरीत होते. परत आले तर भिंतीवर चार टाचण्या.

खालाकडे तिचा पत्ता होता. एका पोस्टरचे दोनशे, अकराचे बावीसशे. मी दर पगाराला शंभर रुपये मनीऑर्डरने पाठवू लागले. पोस्टातले काका फॉर्म भरायचे. "निरोप काय लिहू?" विचारायचे. मी नको म्हणून मान हलवायचे. महिन्याभराने पोचपावती यायची. तिच्यावर तोंबीची सही, बाकी काही नाही. तरी मी ती सही पुन्हा पुन्हा बघायचे. मला येणारं टपाल एवढंच.

मधे गावी गेले. आईने "बाय" म्हणून हाक मारली आणि माझं लक्ष पोस्टमनकडे. घर कुठलं ते मला तेव्हापासून नीट कळेना. गावात जीव रमत नाही, आणि भिवंडीत हाक मारणारं कोणी नाही. घड्या घालताना मी ती पाच नावं वयाच्या क्रमाने म्हणते. लूमच्या खडखडाटात कोणाला ऐकू जात नाही, म्हणून आता जोरात म्हणते.

काल बाविसावी पावती आली. सहीखाली पहिल्यांदाच काही लिहिलं होतं, आपल्या हिंदी-मराठीच्या अक्षरांत: "पूरा हुआ, ऊन्नी."

पावतीला घडी न घालता मी ती भिंतीवर लावली, त्याच चार टाचण्यांनी. पुढच्या महिन्यात टपाल येणार नाही. पैसे फिटले.