पळपुटा फ्यूज

आमच्या रहिमतपूरच्या घरमालकांनी विजेचा जेवढा अपमान केला, तेवढा साऱ्या सातारा जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही. विजेला भिणारे लोक मी पाहिलेत, बटण दाबण्याआधी हात जोडणारेही पाहिलेत. पण विजेनं आपल्याला भ्यावं अशी अपेक्षा ठेवणारा माणूस मी हा एकच पाहिला. पलटणीतून सुभेदार होऊन ते पेन्शनीत आले होते. नोकरी सगळी सिग्नलमध्ये, म्हणजे आघाडीवर टेलिफोनच्या तारा टाकण्यात गेलेली. त्या तारांत बॅटरीची एवढीशी वीज. जिभेला लावली तर मुंगी चावल्यासारखं व्हायचं, आणि लाईन चालू आहे की नाही हे सुभेदार तसंच चाटून बघायचे. एवढ्या भांडवलावर त्यांनी स्वतःला विजेतलं सगळं कळतं असं ठरवून टाकलं होतं. घरची वायर ते चाटत नसत, ही देवाचीच कृपा. तिला ते बोटाची मागची बाजू लावून बघत आणि हात झटकून, जणू पोराची शाळेतली प्रगती सांगावी तसं म्हणत, "हाय. जित्ती हाय."

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी तिथल्या हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो आणि सुभेदारांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. दुष्काळ नुकता सरत होता. "छप्पर गळतं का?" असं मी रीतीप्रमाणे विचारलं, तर ते छाती काढून म्हणाले, "दोन वर्सं झाली, टिपूस न्हाई." मी शहाणा असतो तर लगेच ओळखलं असतं की दोन वर्षं पाऊसच नव्हता. पण मला वाटलं, फौजी माणूस, शब्दाचा पक्का. शब्दाचे ते पक्केच होते. टिपूस खरंच नव्हता. त्याचं श्रेय मात्र त्यांनी वरच्या देवाकडून काढून स्वतःच्या कौलांकडे वळवलं होतं. पुढं जूनमध्ये पावसानं मागची सगळी बाकी एका आठवड्यात भागवली, आणि अंथरुणासकट मी खोलीच्या चारी कोपऱ्यांत फिरून आलो.

कुठलाही बऱ्या डोक्याचा माणूस अशा वेळी शिडी लावतो, फुटकी कौलं काढतो, नवी बसवतो. गावात दरवर्षी मे महिन्यात सगळे हेच करतात. सुभेदारांनी काय करावं? त्यांनी गळणाऱ्या जागांना पलटणीतल्या चौक्यांसारखे नंबर दिले. एक नंबर पोष्ट चुलीपाशी, दोन नंबर देव्हाऱ्यावर, तीन नंबर माझ्या टेबलावर, अशा सात पोष्टा. पाऊस लागला की ते माजघरात उभे राहून हुकूम सोडत, "तीन नंबरला पातेलं! सहा नंबरला घंगाळ!" आणि काकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, बिचाऱ्या पदर खोचून भांडी घेऊन पळत. मी एकदा म्हटलं, "सुभेदार, एवढ्या कवायतीत चार कौलं बदलून झाली असती." तर माझ्याकडे कीव केल्यासारखं बघून म्हणाले, "मास्तर, शत्रू कुठनं येणार ते ठावं असलं म्हंजे निम्मी लढाई जिकली." राहिलेली निम्मी कोण लढतंय, हे त्यांनी कधी मागं वळून पाहिलं नाही.

चार नंबरची पोष्ट बरोबर विजेच्या बोर्डावर होती. मीटर, फ्यूज, मेन स्विच, सगळं एका लाकडी फळीवर, आणि वरून वाशाच्या सांध्यातून संततधार. यावर त्यांनी शोधलेला उपाय मी मेलो तरी विसरणार नाही. त्यांनी वाशाला दोरी बांधून बोर्डावर छत्री टांगली. उघडलेली, काळी, लोखंडी काड्यांची छत्री. येणारा-जाणारा आधी ती छत्री बघायचा, मग सुभेदारांकडे, मग माझ्याकडे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. भाडेकरू म्हणून त्या शहाणपणात माझाही वाटा आहे असं लोकांना वाटत असणार. सुभेदार मात्र पाहुण्यांना हौसेनं सांगत, "इंजिनेराला सुचलं नसतं." यात खोटं काहीच नव्हतं.

आता फ्यूजचं. पंचाहत्तरच्या पावसाळ्यात आमच्या घरचा फ्यूज दिवसाआड उडायला लागला. त्यासाठी पेठेतला दस्तगीर वायरमन यायचा, केसासारखी बारीक तार बसवून जायचा, की दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधार. तिसऱ्या खेपेला दस्तगीरनं पक्कड खाली ठेवली आणि नीट सांगितलं, "सुभेदार, फ्यूज उडतोय म्हंजे घराला कुठंतरी दुखतंय. त्यो बोंब मारून सांगतोय. वायर कुठं वली झालीया, कुठं सोलाटलीया, ते बघू द्या मला. आन आदी ही कौलं." माणूस गरीब स्वभावाचा, पण कामातला वाघ होता. सुभेदारांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, फ्यूज हातात घेऊन उलटसुलट बघितला, आणि निकाल दिला. "साऱ्या घरात पयला पळणारा ह्योच. वायर जाग्यावर, बल्ब जाग्यावर, मीटर जाग्यावर, आन ह्यो पळपुटा पयल्या गोळीला आडवा! असला शिपाई मी पलटणीत ठेवला नसता." दस्तगीरनं समजावलं, की त्याचं कामच पहिल्यांदा पडायचं आहे, तो पडतो म्हणून बाकीचे राहतात. त्यावर सुभेदारांनी त्याला शिपायाचं काम काय असतं यावर तासभर व्याख्यान दिलं आणि घराबाहेर काढलं. मग स्वतः स्टुलावर चढून फ्यूजमध्ये सायकलच्या ब्रेकची तार अडकवली. खाली उतरून हात झाडत म्हणाले, "आता बघू कसा पळतोय."

तो पळाला नाही. दीड महिना घरात एकदाही दिवा गेला नाही, आणि मला रोज सकाळ-संध्याकाळ ऐकावं लागलं, "काय मास्तर? तुमचा दस्तगीर काय म्हणत हुता?" मलाही, खरं सांगतो, दिवे राहतात याचं बरं वाटत होतं. वह्या तपासून व्हायच्या. दस्तगीरचं बरोबर आहे हे मला पुरतं कळत होतं, आणि तरी मी गप्प बसलो. उंटावरच्या शहाण्याला हसत हसत मीही त्याच्या मागं उंटावरच बसलो होतो. वायर मात्र आतल्या आत तापत होती. तिचं रबर करपून गळत होतं, आणि ओरडून सांगणारा जो एक होता त्याचं तोंड आम्ही ब्रेकच्या तारेनं बांधलेलं होतं.

पावसाळ्यात कपडे वाळवायला माजघरात एक लोखंडी तार ओढलेली होती. बल्बची वायर ओल्या भिंतीपासून लांब राहावी म्हणून सुभेदारांनी ती याच तारेला दोन वेढे देऊन नेली होती. श्रावणातला एक रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. मी पुढच्या खोलीत दाढी करत होतो. काकींनी ओलं लुगडं तारेवर टाकलं आणि हातानं तार खाली ओढली. आवाज काही झाला नाही. सुभेदारांचा आवाज आला, "सोड!" मला वाटलं, नेहमीचा हुकूम. पुन्हा आला, "सोड म्हंतोय न्हवं तुला, सोड!" आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा तो आवाज सुभेदाराचा नव्हता. मी धावलो. काकींची मूठ तारेवर आवळलेली, डोळे उघडे, सगळं अंग थरथरत होतं, आणि ज्या माणसानं आयुष्यभर विजेला कस्पटासमान लेखलं तो ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून काकींना धरायला निघाला होता. "हात लावू नका!" मी ओरडलो आणि मेन स्विचकडे गेलो. स्विच छत्रीच्या आत. ती दोरी काही केल्या तुटेना. शेवटी मी छत्रीवर सगळा लोंबकळलो, ती काड्यांसकट खाली आली, आणि मी मेन खाली ओढला. काकी खाली कोसळल्या त्या सुभेदारांच्या अंगावरच.

वाचल्या. तळहात भाजला, आणि उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. डॉक्टर म्हणाले, "आणखी चार क्षण गेले असते तर मी कशाला लागलो असतो?" चौथ्या दिवशी सुभेदार टोपी हातात घेऊन दस्तगीरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चल बाबा. तुला काय करायचं ते कर." दस्तगीरनं शब्दानं टोचलं नाही. "आदी कौलं," म्हणाला, "मग वायरी." मीच काय तो मनातल्या मनात शंभरदा म्हणत होतो, तुला दस्तगीरनं सांगितलं होतं, म्हाताऱ्या. आणि मीच तो, ज्याच्या वह्या दीड महिना त्याच दिव्याखाली तपासून झाल्या होत्या.

पुढच्या वर्षी माझी बदली सांगलीला झाली. एकोणऐंशीच्या पावसात कामानिमित्त कोरेगावला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून रहिमतपूरला उतरलो. घराला नवी कौलं होती, नव्या वायरी, काळं चकचकीत बटण, कुठं ओलीचा डाग नाही. दिवेलागण झालेली, आणि काकी माजघरात अंधारात बसलेल्या. वीज गेली असेल म्हणून बघितलं तर शेजारी दिवे होते. मी उठून बटणाकडे हात केला.

"नगा मास्तर," काकी म्हणाल्या. "त्येंना येऊ द्या. बाजारात गेल्यात."

मला आधी समजेना. मग कळलं. त्या रविवारपासून सुभेदारांनी काकींना घरातल्या एकाही बटणाला हात लावू दिला नव्हता. सकाळी, संध्याकाळी, तापानं फणफणलेले असले तरी, दिवा लावायला तेच उठत. चार वर्षं. मी चिडलोच. म्हटलं, "काकी, आता सगळं पक्कं आहे, दस्तगीरनं केलेलं. हा कसला वेडेपणा? त्यांची ही भीती तुम्ही तरी कशाला पोसता?"

काकींनी वाकडी बोटं पदराखाली घेतली. "मला कुठं भ्या वाटतंय? दस्तगीरनं मला कवाच शिकीवलंय. ते नसताना दोनदा लावून बी बघितला दिवा. पर त्येंनी येऊन हातपाय पुसून, पायताण घालून बटान दाबलं की मग त्यांस्नी घास जातो, मास्तर. मग मी बसती तासभर अंधारात. त्यात माझं काय जातंय?"

बाहेर अंगणात चपला वाजल्या, आणि काकी मला हळूच म्हणाल्या, "ह्यातलं काय बोलू नगा त्येंच्याम्होरं."