बॅटरी खाली आहे

आमच्या ह्यांना नर्मदा परिक्रमा करायची होती आणि झोपेत ह्यांचा श्वास अडकतो. रात्री मास्क लावून एका यंत्रावर झोपावं लागतं. यंत्राशिवाय एकही रात्र काढायची नाही, हे डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं. नदीकाठच्या धर्मशाळांत वीज असली तर असली. तर ह्यांनी काय करावं? जीपच्या मागे जोडायची दोन चाकांची, पत्र्याची खोलीच बनवून घेतली. तिला आम्ही ट्रॉली म्हणायचो. शेजारच्यांनी विचारलं, "भाभीजी, चाट का ठेला डाल रहे हो क्या?"

मी जन्मभर धारच्या शाळेत फिजिक्स शिकवलं, तेव्हा वायरिंग मीच करणार म्हणून जाहीर केलं. खरं सांगायचं तर माझा दुसऱ्या कुणावर विश्वासच नव्हता. यंत्र घरात आल्यापासून मी रात्री अर्धी जागीच असते. त्याची घरघर चालू आहे ना, एवढंच ऐकत पडते. त्या यंत्राला वीज नेणारी तार मला स्वतःच्या हातांनी ओढायची होती.

मदतीला देवासहून धाकटे दीर आले. तिथल्या कारखान्यात नोकरी, सगळं शिक्षण हिंदीत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "वहिनी, ही लाल वाली वायर छोटी पडून राहिली."

"अपुरी पडते आहे म्हणा, भाऊजी. घरात तरी धड मराठी बोला."

बिचारे तेव्हापासून तोलूनमापून बोलू लागले. माझा स्वभाव त्यांना ठाऊक आहे.

बारा व्होल्टची वीज झटका देत नाही, म्हणून लोक तिला हलक्यात घेतात. पण तेवढंच काम करून घ्यायला दाब कमी तेवढा प्रवाह जास्त लागतो, आणि बारीक तार तापून पेटायला वेळ लागत नाही. म्हणून मी जाड तार घेतली, बॅटरीजवळच फ्यूज बसवले. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबराची कडी घातली, नाहीतर हादऱ्यांनी पत्र्याची धार तार सोलून काढते. एक दिवा, एक लहान पंखा आणि पलंगाच्या उशाशी यंत्राचं सॉकेट. बॅटरी दाराशेजारच्या फळीवर ठेवली होती. रस्त्यावर ती उडेल असं मला वाटायला लागलं, म्हणून चाचणीच्या दिवशी सकाळी दिरांना ती तिथून काढून पलंगाखाली बांधायला सांगितली.

चाचणी अशी, की ट्रॉली अमझेऱ्याच्या रस्त्यावर एका मित्राच्या शेतापर्यंत खडखडत न्यायची आणि ह्यांनी दुपारी तिथे यंत्र लावून झोपायचं. घरी पाहुणे यायचे होते म्हणून मी मागे राहिले.

दुपारी दिरांचा फोन आला. "वहिनी, दादा मास्क लावून झोपले."

"आणि बॅटरी?"

"खाली आहे."

फोन कटला. परत लावला तर लागेना.

आमच्या माळव्यात बॅटरी खाली म्हणजे संपलेली. मोबाइलची असो की गाडीची, आम्ही सगळे तसंच बोलतो. आणि मास्क तोंडावर असताना यंत्र बंद पडू द्यायचं नाही, हे यंत्र विकणाऱ्याने दहादा बजावलेलं. माझी पाचावर धारण बसली. पाहुण्यांपुढे चहाच्या रिकाम्या कपबशा तशाच ठेवून मी स्कूटर काढली. कुठला जोड ढिला राहिला? कुठला स्क्रू मी पिळला नाही? वाटेत एकच म्हणत होते, मैया, तुझी परिक्रमा राहू दे, मला माझा माणूस दे.

शेतात आंब्याखाली दीर आरामात शेंगा फोडत बसलेले.

"बॅटरी खाली आहे म्हणालात ना!" मी ओरडले.

"हो ना. तुम्हीच तर सांगितलं होतं." मला आत नेऊन त्यांनी पलंगाखाली बोट दाखवलं. तिथे बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधलेली. मीटर लावून पाहिला, जवळजवळ भरलेली होती. यंत्र घरघरत होतं आणि ह्यांच्या छातीवरची चादर वरखाली होत होती.

माझ्या जिवात जीव आला आणि मग मी कपाळावर हात मारला. शुद्ध मराठीचा आग्रह धरणारी मी, आणि माणूस शुद्ध मराठी बोलला तर मी ऐकलं हिंदीत! आमच्यात ध चा मा करायला तिसरा कुणी लागत नाही.

"मग मी काय बोलायचं होतं? नीचे?" दिरांनी घाबरत विचारलं.

"नीचे म्हणा, भाऊजी. तुम्हाला सगळं माफ." हसता हसता माझे डोळे कधी वाहायला लागले ते कळलं नाही. दीर गुपचूप बाहेर गेले.

समोरच्या बाकड्यावर मी जरा टेकले. तार मी ओढली होती, जोड मी पिळले होते, आणि ते रस्त्याचे हादरे खाऊनही टिकले होते. आता कान देऊन ऐकायची गरज नाही, असं वाटलं.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मास्क काढून हे समोर बसले होते, कधीपासून कोण जाणे. माझ्या अंगावर ह्यांची चादर होती.

"उठवायचं नाही का मला?" मी म्हटलं.

"नाही उठवलं," हे म्हणाले. "म्हटलं, आज मी जागतो."