वाटणीतली स्टेपनी

देव भक्ताच्या हाकेला धावून येतो असं म्हणतात. माझ्या हाकेलाही तो धावला, हे मी नाकारत नाही. फक्त कोणाच्या हातून मदत पाठवावी याचं तारतम्य त्याला राहिलं नाही, असं माझं बरेच दिवस मत होतं आणि अजूनही ते पुरतं गेलेलं नाही. श्रद्धा म्हणाल तर ती लहानपणापासून आहे. घरात दत्त महाराजांची तसबीर, गुरुवारचा उपास, मार्गशीर्षात कारंज्याला दत्ताचं दर्शन, हे सगळं वडिलांपासून चालत आलेलं. पण वडील गेल्यावर घरात जे झालं ते पाहून मला वाटायला लागलं होतं की महाराज तसबिरीत बसून नुसते बघतात. त्या दिवसांत मी आरती म्हणायचो ती सवयीने, आणि प्रसाद खायचो तो भूक असेल तर.

आमचं गाव मेडशी. वडिलांनी उमेदीच्या काळात गोल दिव्यांची एक पांढरी अँबेसेडर घेतली होती. ती जुनी झाली, लोकांनी नव्या गाड्या घेतल्या, पण वडिलांनी ती सोडली नाही. जुनी गाडी कुठे थांबायचं ते तिची ती ठरवते, आपण तयार असावं, असं ते म्हणायचे. त्यांची डिकी म्हणजे अर्धं गॅरेज होतं. जॅक, पाने, हाताने हवा भरायचा पंप, जादा ट्यूब, पंचरचं सामान, फॅन बेल्ट, रेडिएटरसाठी पाण्याचा कॅन, आणि चाकाला लावायला एक दगडसुद्धा, कारण हवा असतो तेव्हा रस्त्यावर दगड सापडत नाही. आणि स्टेपनी. तिच्या रिमवर वडिलांनी लाल ऑइलपेंटने ‘श्री’ काढला होता. रस्त्यात चाक बसलं की आम्हा दोघा भावांची कामं ठरलेली असायची. मी नट खोलायचो, धाकटा डिकीपासून स्टेपनी लोटत आणायचा, आणि वडील रस्त्यात उभे राहून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायचे. धाकट्याच्या हातून स्टेपनी नेहमी वाकडी जायची आणि मी त्याच्यावर ओरडायचो.

वडील गेले आणि वर्ष उलटायच्या आत वाटणी झाली. वावर वाटलं, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, अंगणात भिंत घातली. आईची वाटणी महिन्यांनी झाली, एक महिना भिंतीच्या अलीकडे, एक पलीकडे. तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही काही म्हटलं नाही. शेवटी गाडी राहिली. विकायला दोघंही तयार नव्हतो. मामा म्हणाले, गाडी मोठ्यालाच जाऊ द्या, चालवतो तोच. तेव्हा धाकटा बोलला, “गाडी दादाले द्या. मले स्टेपनी पाह्यजे.”

बसलेले सगळे हसले. मामांनी विचारलं, “अबे, नुसती स्टेपनी घेऊन करशीन काय?”

“ठेवीन,” तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्याने ती डिकीतून काढून नेली आणि गोठ्यात कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावरच्या ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवली. भिंत कमरेएवढीच. रोज सकाळी दात घासताना मला तो लाल श्री दिसायचा. माझी बायको म्हणाली, अकोल्याला जुन्या बाजारात मिळेल, दुसरी घेऊन टाका. मी म्हणालो, “माह्या गाडीची स्टेपनी घरात असताना मी दुसरी कायले घेऊ?” दुसरी घेतली असती तर ती वाटणी बरोबर होती असं कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून मी बाकीची सगळी तयारी दुपटीने केली. ट्यूब घेतल्या, पंप नवा घेतला, पंचर काढायला शिकलो. आई विचारायची की टायरच फुटला तर काय करशील. मी म्हणायचो, महाराज पाहतील. भावाचं नाव घ्यायचं नव्हतं म्हणून महाराजांचं घ्यायचो, हे तिला कळत असणार. तिला सगळंच कळायचं.

पुढे आईच्या हृदयाने साथ सोडायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, आता जपा, आणि डॉक्टर नुसतं जपा म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ आपल्याला कळतो. तिची एकच इच्छा होती. वडील असताना जायचो तसं मार्गशीर्षात कारंज्याला जायचं, त्याच गाडीत, दोन्ही पोरं सोबत. मी हो म्हणालो. धाकट्याकडे ती स्वतः गेली. भिंतीपलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं. “त्याच्या गाडीत मी बसत नाई,” तो म्हणाला. “तू जाऊन ये.” ती परत आली, दारात जरा टेकली आणि मला म्हणाली, “चाल मंग, आपुन दोघंच.” तिच्या त्या आवाजासाठी मी भावाला अजून माफ केलेलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी गाडी अंगणात उभी करून डिकीत सामान लावलं. एकूण एक वस्तू पाहिली. पाहिली नाहीत ती चाकं. हवा मोजली, पण वाकून टायरची कड पाहिली नाही. पलीकडे धाकटा गुरांना चारा टाकत होता. त्याने मान वर केली नाही, मीही नाही. आईला मागच्या सीटवर उशी लावून बसवलं, तिच्या मांडीवर हाराची पुडी दिली आणि निघालो. मालेगाव मागे पडलं. दोन्ही बाजूंनी तूर उभी होती आणि आई काच खाली करून बघत होती. शेलूबाजार अजून बरंच पुढे असताना मागून आवाज झाला आणि गाडी एका अंगावर बसली. उतरून पाहिलं तर मागच्या डाव्या चाकाचा टायर कडेने हातभर फाटलेला. माझ्याजवळ ट्यूब होत्या, त्या घालायला टायर नव्हता. इतक्या वर्षांची तयारी डिकीत पडून होती आणि त्यातली एकही वस्तू माझ्या कामाची नव्हती.

आईला लिंबाच्या सावलीत चादरीवर बसवलं. गाड्या येत होत्या, थांबतही होत्या. पण थांबायच्या त्या आमच्यासाठी नाही, गाडीसाठी. “काका, लय भारी गाडी हाय, एक फोटो काढू द्या,” म्हणत दोन तरुण बॉनेटला टेकून उभे राहिले आणि फोटो काढून निघून गेले. एकाने लग्नाच्या वरातीला गाडी देता का असं विचारलं. फाटलेला टायर त्यालाही दिसत होता. आईच्या ओठांचा रंग उतरत चालला होता. मी म्हणालो, तुला एखाद्या जीपमध्ये बसवून देतो, दर्शन तरी होईल. तिने मान हलवली. “जाईन त याच गाडीत. नाई त घरी चाल.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “धाकट्याले फोन लाव. स्टेपनी घेऊन येईन थो.”

मी पाना पुसत राहिलो.

“नाई लावत?”

“नाई.”

“मंग देवाले लाव,” ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

ते तिने चिडून म्हटलं की खरंच, मला कळलं नाही. पण मी गाडीच्या पलीकडे गेलो, कारंज्याच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले. अनेक वर्षांनी मनापासून जोडले होते. म्हणालो, महाराज, तुम्ही फकीर होऊन येता, गुराखी होऊन येता, कुत्र्याच्या रूपातही येता. कसेही या, मी ओळखीन. फक्त माझ्या भावाकडून काही घ्यायची वेळ माझ्यावर आणू नका. अशी प्रार्थना करायची लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा ती अगदी रास्त वाटली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मालेगावकडून माणसांनी भरलेली एक जीप आली, पुढे गेली, थांबली आणि मागे आली. काचेवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ लिहिलेलं होतं. चालक उतरला, पन्नाशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला. काही न विचारता तो टपावर चढला आणि बोचक्यांमधून त्याने एक चाक खाली सोडलं. ते जमिनीला लागायच्या आधीच मला लाल श्री दिसला.

“मेडशीची गाडी हेच ना?” त्याने विचारलं.

“कोनं देली?” मी श्रीकडे बघत विचारलं.

“सकाळी स्टँडवर एक भाऊ लोटत घेऊन आले. म्हणे, पांढरी जुनी गाडी रस्त्यात उभी दिसली त द्या. नाई दिसली त शेलूबाजारले उतरवून ठेवा, मी येऊन घेऊन जाईन. अन् नाव सांगू नोका म्हणे. आता मले त्याईचं नावच माईत नाई, त सांगू काय?”

आई उठून कधी जवळ आली ते मला कळलं नाही. तिने त्याच्यापुढे हात जोडले. “दत्तच आले रे बाप्पा,” ती म्हणाली आणि वाकायला लागली. तो चटकन मागे सरकला. “आजी, असं नोका करू. मी देव मानत नाई. माह्या सवाऱ्या खोळंबून राह्यल्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “लावता का वापस नेऊ?”

खोटं कशाला सांगू, मी लगेच हो म्हणालो नाही. इतकी वर्षं जे मागितलं नाही ते धाकट्याने असं रस्त्यात आणून टाकावं आणि वर नावही सांगू नये, म्हणजे मला नकोही म्हणता येऊ नये. सकाळी चारा टाकताना फाटत आलेली ती कड त्याला दिसली असणार, गाडीची डावी बाजू त्याच्याच अंगणाकडे होती. दिसली होती तर तेव्हाच का नाही बोलला? एक वाक्य बोलला असता तर आई अशी रस्त्याकडेला बसली नसती. हा राग त्या वेळी खरा होता आणि आजही खरा आहे. पण आईने खाली वाकून त्या श्रीवर तळहात ठेवला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. मी जॅक काढला. जीपमधले दोघं उतरले, एकाने वडिलांचा तो दगड चाकाला लावला. स्टेपनीत हवा टच्च भरलेली होती. गोठ्यात पडून राहिलेल्या चाकात आपोआप हवा राहत नाही, कोणीतरी ती वेळोवेळी भरावी लागते. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी मान खाली घालून नट आवळत राहिलो.

कारंज्याला दर्शन झालं. आई बराच वेळ महाराजांपुढे उभी होती, चेहरा शांत होता. मी मात्र एवढंच विचारलं की तुम्हाला दुसरं कोणी सापडलं नाही का.  परत येताना गाव दिसायला लागल्यावर ती म्हणाली, “एकटाच लोटत गेला असन रे स्टँडवर. वाकडी जाते त्याच्या हातानं.”

संक्रांत तिने पाहिली नाही. आम्ही दोघांनी पुढून खांदा दिला, तो उजव्या बाजूला, मी डाव्या. लोकांना वाटलं, आता भिंत पडेल. तेरवी झाली, पाहुणे गेले आणि धाकटा माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं असं अजून वाटतं. मलाही होतं. तो म्हणाला, “दादा, स्टेपनी.” मी म्हणालो, “देतो.” झालं एवढंच. नवा टायर घातलेला होताच. मी स्टेपनी त्याच्या फाटकापाशी नेली आणि तिथून तो लोटत गोठ्याकडे घेऊन गेला, वाकडीतिकडी. एका आईच्या पोटच्या दोन माणसांजवळ बोलायला तेवढाच शब्द उरला होता. याला कृपा म्हणायचं असेल तर ती फार कडू होती.

तरीही मी तिला कृपाच म्हणतो. मला हवं होतं ते महाराजांनी दिलं नाही, मी नको म्हटलं तेच दिलं, आणि त्याच्याच जोरावर माझ्या आईला दर्शन घडलं. तयारी माणसाने करावीच, वडिलांचं ते खरं. पण सगळी करूनही एक जागा राहते जिथे आपलं काही चालत नाही. तिथे जे येईल ते घ्यावं, आणणारा आपल्याला आवडो न आवडो. शरण जाणं म्हणजे याहून मोठं काही असेल तर ते मला अजून जमलेलं नाही. डिकीत स्टेपनीची जागा आजही मोकळी आहे. आधी हट्टाने ठेवली होती, आता कशाने ठेवतो ते नीट सांगता येत नाही.

या मार्गशीर्षात मी एकटाच कारंज्याला निघालो होतो. डिकीत सामान लावून झालं होतं, दारही उघडलं होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, गुरांशी बोलावं तसा, कोणाचंही नाव न घेता.

“मांगच्या डाव्या चाकात हवा कमी हाय.”

मी डिकी उघडली. पंप काढला, खाली बसलो आणि हवा भरायला लागलो. पलीकडे चाऱ्याचा आवाज थांबला होता. महाराजांचे आभार मी मंदिरात पोहोचायच्या आधी तिथेच मानले. आईला हे दिसायला हवं होतं, असंही मनात आलं. मी थांबलो, पंप काढू लागलो.

“अजून थोडी,” तो म्हणाला.

मी अजून थोडी भरली.