हाडांवरच्या लाल-निळ्या रेघा

ती घटना आजही आठवली की माझे तळहात गार पडतात. नोकरीत मी खून पाहिले, दंगली पाहिल्या. पण त्या दिवसाची भीती निराळी होती. मेलेले माणूस कोण हे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि आता मारले जाणार कोण हे साऱ्या गावाला ठाऊक होते.

तेव्हा मी अकोले तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सगळा डोंगराचा भाग, भाताची खाचरे, वस्त्या एकमेकींपासून लांब. सकाळची हजेरी आटोपून मी बंदोबस्त वाटून देत होतो, तेवढ्यात एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. हा गृहस्थ एरवी फोनशिवायही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचा. त्या दिवशी तो कुजबुजत होता. पाइपलाइनसाठी जेसीबीने चर खणताना बांधावरच्या करंजाच्या झाडाखाली माणसाची हाडे निघाली होती, लुगड्यात बांधलेली. कुजबुजता कशाला, असे मी विचारले.

"साहेब, लोकं म्हातारीच्या घराकडं निघालेत. तुमी आधी या, मंग बाकीचं सांगतो."

म्हातारी म्हणजे त्या बांधालगत एकटी राहणारी विधवा. चार शेळ्या आणि एक पत्र्याचे घर. शेळ्या दुसऱ्याच्या शेतात शिरतात यावरून तिची निम्म्या गावाशी भांडणे झालेली. पुढे कुणाचे तरी मूल तापाने गेले आणि कुणीतरी म्हणाले की आदल्या दिवशी म्हातारीने त्याच्याकडे टक लावून पाहिले होते. तेव्हापासून तिच्या हातचे पाणी कुणी घेत नसे.

आम्ही पोहोचलो तेव्हा गर्दी तिच्या दाराशी नव्हती, थोडी लांब उभी होती. अनुभवाने सांगतो, ओरडणाऱ्या गर्दीपेक्षा अशी अंतर राखून उभी असलेली गर्दी जास्त वाईट. ती कुणीतरी पहिला दगड मारण्याची वाट पाहत असते. मी दोन शिपाई दाराशी उभे केले आणि खड्ड्याकडे गेलो.

पंचनाम्याला पंच मिळेनात. शेवटी पोलीस पाटील आणि शाळेचे एक गुरुजी तयार झाले, तेही तोंडाला रुमाल बांधून. हिरवे लुगडे मातीने काळे पडले होते, पण त्याच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. त्यात नारळ, कुजलेले तांदूळ, हिरव्या बांगड्या. आणि हाडे. कवटीचा वरचा भाग करवतीने गोल कापून झाकणासारखा परत बसवलेला, बाजूला बारीक आकडी. हात एकच. पाय एकच. दोन्ही उजवे. आणि त्या हाडांवर जागोजागी लाल आणि निळ्या रेघा, काही ठिकाणी रंगवलेले ठिपके.

गुरुजींनी रुमाल आणखी घट्ट धरला. मागून एका तरुणाचा आवाज आला.

"आर्धं मानूस पुरलंय. आर्धं राहिलंय अजून."

हे वाक्य खड्ड्याच्या काठावरून गर्दीत कसे पसरले ते मी डोळ्यांनी पाहिले. बायका मुलांना हाका मारू लागल्या. राहिलेले अर्धे कोण, हा प्रश्न प्रत्येकाचे मन आपल्या घराकडे घेऊन गेला. खरे सांगायचे तर मीही मनातल्या मनात बेपत्ता व्यक्तींच्या नोंदी आठवू लागलो. ती कापलेली कवटी मला समजत नव्हती, आणि जे समजत नाही त्याची भीती वर्दीलाही वाटते.

म्हातारीला मी जीपमध्ये बसवले. तिला अटक केली असे लोकांना वाटू दिले, कारण त्या क्षणी तेच तिच्या जिवाचे संरक्षण होते. तरी एक दगड जीपच्या मागच्या पत्र्यावर आदळलाच. ती दचकली नाही. जणू तो यायचाच होता.

ठाण्यात तिला महिला शिपायाजवळ बसवले. चहा दिला, तो तिने हातात धरून ठेवला. मी विचारत राहिलो: ते गाठोडे कुणाचे, खड्डा कुणी खणला, काही दिसले का. प्रत्येक वेळी तेच उत्तर, "मला काय म्हाईत न्हाई." बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, दाराकडे पाहत होती. काही लपवणारा माणूस तपास करणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, त्याला किती कळले ते पाहायला. ही दाराकडे पाहत होती. तिला माझी भीती नव्हती, बाहेरची होती.

ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी शिबिरासाठी वस्त्यांवर गेले होते. ते दुपार उतरल्यावर आले. तोवर गावात ठेवलेल्या हवालदाराचे फोन येत होते. लोक पांगत नव्हते, आणि म्हातारीचे घर पेटवायची भाषा सुरू झाली होती.

तरुण डॉक्टरांनी टेबलावरचे दंडाचे हाड, कवटी, कमरेचे हाड एकेक उचलून पाहिले. माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्यांना हसू आवरेना.

"साहेब, ही हाडं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कॉलेजात बसलीत."

पहिल्या वर्षाला शरीररचना शिकताना विद्यार्थी असा हाडांचा संच वापरतात. शरीराची एक बाजू दुसरीसारखीच असते, म्हणून अर्धा संच पुरतो. सीनियरकडून ज्युनियरकडे तो जात राहतो. स्नायू हाडावर जिथून सुरू होतो तिथे लाल रेघ, जिथे येऊन चिकटतो तिथे निळी. कवटी आतून दिसावी म्हणून कापलेली. त्यांनी स्वतःही अशीच हाडे उशाशी घेऊन पाठ केली होती. पहिले काही दिवस झोप लागत नसे, म्हणाले, आणि मग इतकी लागायची की तोंडी परीक्षेला उशीर झाला.

माझी निम्मी भीती गेली. निम्मी राहिली. अभ्यासाची हाडे करंजाखाली लुगडे नेसून कशी पोहोचली? हे कळल्याशिवाय म्हातारीला घरी सोडता येणार नव्हते. गावाने तिच्यावर ठेवलेला आरोप प्रयोगशाळेच्या अहवालाने पुसला गेला नसता.

मी पोलीस पाटलांना एवढेच विचारले की गावात कुणी डॉक्टरकी शिकते का. ते म्हणाले, एकच पोरगी. तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स अजून एसटीच्या थांब्यावर आहे, उन्हाने तिचे तोंड पांढरे पडले आहे एवढेच. घर करंजापासून एका हाकेवर.

मी साध्या कपड्यांत, महिला शिपायाला घेऊन गेलो. वडील शेतावर होते. आईने घोंगडी अंथरली, पाणी दिले. तांब्या ठेवताना तो फरशीवर वाजला. मी भाताचे विचारले, पावसाचे विचारले. मग सहज म्हणालो, "मुलगी काय शिकते म्हणालात?"

"डॉक्टरकीचं. पन हाडाचं न्हाई काय त्यात," ती घाईने म्हणाली. "त्यांच्या कॉलेजात हाडं नसत्यात."

ती हाडे अभ्यासाची आहेत हे त्या घडीला डॉक्टर, मी आणि महिला शिपाई एवढ्यांनाच माहीत होते. गाव अजून करणीच म्हणत होते. महिला शिपाई उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. तेव्हा बाईने पदर तोंडावर घेतला आणि सगळे सांगितले.

मुलगी दिवाळीच्या सुट्टीत हाडे घेऊन आली होती. ओटीवर बसून मोठ्याने पाठ करायची. जाताना ती पिशवी इथेच राहिली, मैत्रिणीकडे दुसरा संच होता. मुलगी गेल्यावर दिवसभर घरात आई आणि खुंटीवरची ती पिशवी. रात्री तिला झोप येईना.

"मी पोरीला ईचारलं हुतं, ह्ये गड्याचं हाय का बाईचं. ती कमरंचं हाड बघून म्हनली, बाईचं हाय. मंग मला राहवंना साहेब. बाईमानूस अशी उघडी, पिशवीत. कुनी तिचं काय केलं बी नसंल. तिला लुगडं नको का?"

तिने आपले ठेवणीतले लुगडे दिले. ओटी भरली आणि करंजाखाली माती दिली. मुलीला कळले तेव्हा ती रडली, पण ज्यांच्याकडून हाडे आणली त्या सीनियरला हरवली म्हणून सांगून मोकळी झाली. आणि आज हाडे वर आल्यावर आईला एकच दिसत होते, पोलीस पोरीला कॉलेजातून उचलणार, तिचे शिक्षण संपणार. म्हातारीला घेऊन जाताना ती गर्दीत उभी होती. तिने मान खाली घातली होती.

मी ठाण्यात परतलो आणि म्हातारीला सांगितले की आता कळले. तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले.

"मी बघितलं हुतं तिला पुरताना," ती म्हणाली.

मग सांगितले का नाही?

"मी सांगितलं असतं तर म्हनले असते, थेरडी आता दुसऱ्याचं नाव घेती. माझं कोन ऐकनार हुतं?"

गुन्हेगारांचे मौन मी नोकरीभर फोडत आलो होतो. हिचे मौन निराळे होते. आपल्या शब्दाची गावातली किंमत तिने आधीच ओळखली होती.

दुसऱ्या दिवशी मुलगी एसटीने आली, कॉलेजच्या एका प्राध्यापकांना बरोबर घेऊन. थांब्यावर आपल्याच फ्लेक्सखाली उतरताना तिने वर पाहिले नाही. संच शिकण्याचाच असल्याचे प्राध्यापकांनी लेखी दिले. पण मला कागद नको होता. शाळेच्या पटांगणात गाव बोलावले. म्हातारीला खुर्चीवर बसवले, तिच्या दोन्ही बाजूंना आपोआप मोकळी जागा राहिली.

मुलीने दंडाचे हाड हातात घेतले आणि तिचा आवाजच फुटेना. मागून कुणीतरी म्हणाले, "डॉक्टरीनबाई, आमालाच सुई टोचताना असं थरथरू नका." थोडे लोक हसले. ती बोलू लागली. लाल म्हणजे सुरुवात, निळे म्हणजे शेवट. लोकांच्या डोळ्यांत अजून करणीच होती. मग ती थांबली, इकडेतिकडे पाहिले, आणि म्हातारीजवळ जाऊन उकिडवी बसली.

"आजी, हात देता?"

तिने म्हातारीचा दंड धरला. खांद्यावर बोट ठेवले, हा स्नायू इथून निघतो, आणि बोट दंडावरून खाली आणले, इथे येऊन धरतो. म्हणून या हाडावर इथे निळी रेघ. हात वर करा आजी. म्हातारीने हात वर केला.

"शेळीला बी आसंच आसंल," ती म्हणाली.

"असंच," मुलगी म्हणाली.

त्या म्हातारीला किती वर्षांनी कुणी हात लावला होता, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. मग मुलीच्या आईने पुढे येऊन लुगडे आपलेच असल्याचे सांगितले आणि म्हातारीच्या पायांवर डोके ठेवले. घर पेटवू म्हणणाऱ्यांवर आम्ही जादूटोणाविरोधी कायद्याखाली कारवाई केली. पण माझ्या मते ती केस त्या बोटाने मिटवली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी हे सारे पत्नीला सांगितले. ती शाळेत शिकवायची, माझ्या कामाचे फारसे विचारत नसे. सगळे ऐकून ती एवढेच म्हणाली, "म्हणजे ज्या बाईची ती हाडं, तिचं नाव कुणालाच माहीत नाही." पुढे तिने देहदानाचा अर्ज भरला. मी विरोध केला. तिने माझे ऐकले नाही.

या वर्षी ती गेली. तिला कॉलेजात पोहोचवताना मला पुन्हा ती तळहात गार करणारी भीती वाटली. तिथल्या टेबलाची, तिथल्या थंडीची. मी तिला नवी साडी नेसवूनच नेले होते. तिथल्या सेवकाने नंतर ती नीट घडी घालून माझ्या हातात परत दिली. नियम असतो, म्हणाला. ती आता कपाटात आहे.

बाहेर पडताना पहिल्या वर्षाची एक मुलगी दाराशी उभी होती. पांढरा कोट नवा, बाह्यांना इस्त्रीची घडी. तीही घाबरलेली दिसत होती. आत देहाला कुणी नावाने ओळखत नाही, फक्त क्रमांक असतो, हे मला सांगितले गेले होते. तरी तिने हळूच विचारले, "आजोबा, यांचं नाव काय होतं?"

मी सांगितले. तिने ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हटले.

कुणालाही कशाची भीती वाटली की मी आता आधी हे पाहतो, की त्या गोष्टीला नाव मिळाले आहे का. माणसे बिननावाच्या गोष्टीला फार लवकर दगड मारतात. या लेखात मी कुणाचेही नाव घेतलेले नाही, पत्नीचेही नाही. पण तिचे नाव त्या एका मुलीला माहीत आहे.