गप्प राहिलेला पट्टा

ग्रीसमधल्या कास्तोरिया गावात फर शिवणारा माणूस पाठमोराही ओळखू येतो. मान पुढे, खांदे आत, जणू कायम सुईत दोरा ओवतो आहे. लाझारोस पोरवयात मशीनवर बसला, तो साठी आली तरी उठला नाही. कोट बेतून उरलेले फरचे बोटभर तुकडे जोडून त्यातून पुन्हा अख्खा कोट उभा करायचा, ही त्याची कारागिरी.

मुलगी थोमाई थेसालोनिकीला इंजिनिअरिंग शिकत होती. शेवटच्या वर्षी प्रकल्प निवडायची वेळ आली तेव्हा ती सोबत्याला, योर्दानिसला म्हणाली, "पाठीला बांधायचा पट्टा करू. माणूस वाकला की थरथरेल." योर्दानिसही कास्तोरियाचाच, फरवाल्याच्या घरातला. त्याला चांगले गुण हवे होते. थोमाईला बापाची पाठ वाचवायची होती.

नाताळच्या सुट्टीत दोघं पट्टा घेऊन गावी आले. पट्टा बांधून माणसाने ताठ उभं राहायचं आणि बटण दाबायचं. त्या क्षणीची पाठ पट्टा सरळ म्हणून लक्षात ठेवणार, पुढचं सगळं तिच्यावरून मोजणार; पाठ तिच्यापासून पुढे किंवा मागे ढळली की थरथरणार.

"बाबा, ताठ उभे राहा."

"उभाच आहे की! आता काय, ओल्या कातड्यासारखं फळीवर खिळे ठोकून ताणणार मला?"

योर्दानिस खो खो हसला. चेरीचा मुरांबा घेऊन आलेली आईही हसली. थोमाईने बापाला एकवार नीट न्याहाळलं. काका, मामा, शेजारी, जन्मापासून पाहिलेला प्रत्येक पुरुष असाच उभा राहायचा. तिला तो ताठच दिसला. तिने बटण दाबलं.

हिवाळाभर पट्टा क्वचितच थरथरला. कॉफीच्या दुकानात दोस्त चिडवायचे, "काय रे लाझारोस, मागची मालकीणबाई ओरडली का आज?"

"ओरडायचं नाव नाही! सुधारलोय मी. पोरीनं सुधारलं."

पायांना मुंग्या येऊ लागल्या, ते त्याने बरेच दिवस बोलूनच दाखवलं नाही. मग एकदा जिन्यात अडखळला. बायको डॉक्टरांच्या मागे लागली, तर हा पट्ट्यावर थाप मारून म्हणाला, "हा काही बोलतोय का? मग तू कशाला बोलतेस?" थोमाईही फोनवर आधी पट्ट्याचीच चौकशी करायची. गप्प आहे म्हटलं की निश्चिंत व्हायची.

ईस्टरच्या आठवड्यात लाझारोस मशीनवरून उठायला गेला आणि पाय उचललेच नाहीत. मणके दबून आतल्या मज्जारज्जूवर चढले होते. "इतके दिवस काय करत होतात?" डॉक्टरांनी विचारलं. शस्त्रक्रिया झाली, पण पायांत जीव परत आला नाही.

त्याला घरी आणलं त्या दुपारी योर्दानिसचा फोन आला. "पट्टा बिघडला होता का गं?"

"बघते," थोमाई म्हणाली.

पट्टा खुंटीवर तसाच होता. बापाच्या खाटेसमोर उभी राहून तिने तो स्वतःला बांधला. बटणाला हात लावला नाही. ती ताठ उभी होती आणि पट्टा थरथरत होता. तिने मान थोडी पुढे घेतली. थरथर चालूच. खांदे आत ओढले, पाठ वाकवली, आणखी वाकवली. कमरेत कळ आली आणि पट्टा शांत झाला.

पट्टा बिघडलेला नव्हता. तिने सांगितलं तेच तो इमानाने सांभाळत आला होता.

खाटेवरून लाझारोस कौतुकाने बघत होता.

"आधी केवढा ओरडत होता! गप्प झाला ना आता? आता उभी आहेस बघ ताठ."

बाप बघत होता तोवर ती तशीच वाकून उभी राहिली.