डाव्या दाराची फट

लॅडिमिर सेडलॅचेक शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्याच्या नोकरीतून शुक्रवारी निवृत्त झाला आणि सोमवारी सकाळी त्यानं बायकोचं स्वयंपाकघर दुरुस्त करायला घेतलं. कपाटांच्या बिजागऱ्या घट्ट केल्या. खणांना इतकं तेल पाजलं की पहिलाच खण ओढल्याबरोबर सगळे चमचे जॉर्जीनच्या पायावर आले. मग त्यानं बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. खसखस कुठंय ते तिला तीन आठवडे सापडलं नाही, आणि खसखशीशिवाय आमच्या ब्रेझनो गावात कुणाच्या घरी रविवारचे कोलाच, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, होत नाहीत.

मी त्यांची शेजारीण. आमच्या दोघींच्या परसांमध्ये फक्त एक कच्चा रस्ता. तेव्हा तिचा आवाज चढला की मला घरबसल्या ऐकू यायचं. तो चढला नाही, हीच काळजीची गोष्ट होती. ती गोड बोलायला लागली होती.

एक दिवस जेवताना तिनं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की आपल्या वडिलांचा जुना ट्रक मळ्यावरच्या तुतीच्या झाडीत अजून पडलाय, कुणी हात लावला असता तर बरं झालं असतं. लॅडिमिरनं सुपाचा चमचा खाली ठेवला. दुसऱ्याच दिवशी तो आणि त्याचा मित्र मायलो झाइच ट्रॅक्टर घेऊन गेले आणि तो सांगाडा ओढून आणला. एकोणीसशे पन्नास सालचा छोटा ट्रक. मागच्या हौद्यातून मनगटाएवढं तुतीचं झाड उगवलेलं, जमिनीचा पत्रा गंजून चाळणी झालेला, आणि डावं दार तर कोंबड्यांनी खुराड्याला वापरलेलं. जॉर्जीन तो बघून नाक मुरडून आत गेली. पण त्या दिवशी तिनं गाणं म्हणत बरण्या परत जागेवर लावल्या.

वर्षभर सगळं छान चाललं. लॅडिमिर सकाळी कॉफी घेऊन गॅरेजमध्ये जायचा तो जेवायलाच आत यायचा. गंज कापला, नवा पत्रा जोडला, दुसऱ्या गाडीची दारं मिळवली. मग आलं दारं बसवण्याचं काम. रोज रात्री जेवताना तो जॉर्जीनला ते समजावून सांगायचा. आधी दार केबिनच्या चौकटीत बसवायचं, कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आली पाहिजे. मग दाराला धरून मडगार्ड लावायचं, आणि मडगार्डला धरून बॉनेट. म्हणजे दार जरा सरकलं की पुढचं सगळं सरकलं. दाराच्या बिजागऱ्यांमागं पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. खालच्या बिजागरीमागची एक चकती कमी झाली, की दार मागच्या कडेला खाली लोंबतं. मीठदाणी म्हणजे केबिन आणि लोण्याचं भांडं म्हणजे दार, असं करून तो दाखवायचा. जॉर्जीन मान हलवत ऐकायची. लॅडिमिरला वाटायचं, बिचारी कंटाळते पण सोसते.

इस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत त्यानं जाहीर केलं, की आता दोनेक आठवड्यांत ट्रक पूर्ण होईल. आणि त्यानंतर, तो म्हणाला, तुझ्या तळघरातली लोणच्यामुरंब्यांची फळी नीट लावायला घेतो.

दुसऱ्या दिवशी डावं दार लोंबलं.

त्यानं बिजागरी सैल केली, दार उचललं, फट बघितली. फट मोजायला त्याच्याकडे रंग ढवळायची लाकडी पट्टी होती, ती वरून खालपर्यंत अडकली नाही पाहिजे. त्यानं चकती घातली, पट्टी लोण्यातून फिरावी तशी फिरली. खूश होऊन जेवायला गेला. तिसऱ्या दिवशी परत लोंबलं. दाराच्या मागोमाग मडगार्ड, मडगार्डच्या मागोमाग बॉनेट. सगळं सोडायचं आणि पहिल्यापासून लावायचं. असं सगळा वसंत चाललं. कधी दार वर चढायचं, कधी खाली यायचं. तळघराच्या फळीचं नाव निघेना.

लॅडिमिरला संशय आला तो मायलोचा. त्याला कारणही होतं. मायलो रोज सकाळी अंडी ठेवायला यायचा आणि गॅरेजला कुलूप कधीच नसायचं. शिवाय दोघांचं चाळीस वर्षांचं असं होतं, की एकानं दुसऱ्याच्या लग्नाच्या गाडीत डुक्कर सोडलं तर दुसऱ्यानं पहिल्याच्या धान्याच्या कोठीवर गावातल्या प्रेतयात्रांचं वेळापत्रक रंगवायचं. बायकोचा संशय त्याच्या मनातही आला नाही. ती तर त्या ट्रकला रोज शिव्या द्यायची.

मग त्यानं सापळा लावला. यंत्रकामात दोन भाग कुठं घासतात ते बघायला एक निळी वापरतात. ग्रीससारखी चिकट असते, सुकत नाही, आणि एकदा लागली की साबणाला हसते. शनिवारी काम संपवताना लॅडिमिरनं ती खालच्या बिजागरीच्या बोल्टांवर मागच्या बाजूनं बोटभर फासली आणि शीळ घालत आत गेला.

रविवारी सकाळी तो दाढी करत असताना जॉर्जीन चर्चच्या कपड्यांत गॅरेजमध्ये जाऊन आली. दिवा लावला नाही, हाताच्या सवयीनंच काम केलं. निळी तिला दिसली ती थेट प्रार्थनेत, बाकावर बसून पुस्तक उघडलं तेव्हा. मी बरोबर तिच्या मागच्या बाकावर होते. तिनं उजवा तळवा बघितला, डावा बघितला, मग हळूच मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. तो डोळे मिटून अगदी भाविकपणे बसला होता. पण त्याची मिशी हसत होती. तिला सगळं कळलं.

आमच्याकडे प्रार्थनेच्या मध्येच एक वेळ येते, तेव्हा सगळ्यांनी शेजारच्यांचा हात हातात घेऊन शांती असो म्हणायचं असतं. जॉर्जीन एरवी फक्त मान लववणारी बाई. त्या दिवशी तिनं आधी नवऱ्याच्या कानाला हात लावून त्याच्या गालाचा मुका घेतला. मग मागं वळून माझा हात दाबला. मग बाकाबाहेर पडली. मधली वाट ओलांडून पलीकडच्या रांगेत गेली, मायलोला भेटली, ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना भेटली, जिच्याशी कोंबड्यांवरून बोलणं बंद होतं त्या व्लास्ताला तर मिठीच मारली. शेवटी फादर टर्नींपर्यंत पोचली. ते गहिवरले. आणि लोक म्हणजे लोक. ज्याला हात मिळाला त्यानं तो पुढं दिला.

प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते. लॅडिमिर सगळ्यांच्या आधी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि येणाऱ्याचे हात बघायला लागला. मायलोचा पंजा निळा दिसला तेव्हा त्याचा चेहरा उजळला. त्याच्या मागून ऑर्गनवाल्या बाई आल्या, त्यांचीही बोटं निळी. मग व्लास्ता, खांद्यापासून कमरेपर्यंत. मग फादर, त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर ठिपका. लॅडिमिर बघतच राहिला. अर्ध्या गावानं मिळून आपलं दार हलवलं, हे त्याला पटेना, पण पुरावा समोर कॉफी पीत होता. त्याचा स्वतःचा कान निळा आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही.

तरी त्यानं मायलोला कोपऱ्यात गाठलंच.

"तूच ना रे दार हलवतोस?"

मायलोला कसलं दार आणि काय, काहीही ठाऊक नव्हतं. पण एवढी चांगली खोडी फुकट दुसऱ्याच्या नावावर जाऊ देणं त्याच्या स्वभावात बसेना.

"कळलं का शेवटी?" तो म्हणाला. "मी म्हटलं लेका, तुझा जन्म जाईल त्यात."

"मग सांग, कुठल्या बिजागरीची चकती काढत होतास?"

"वरच्या," मायलो ठामपणे म्हणाला.

लॅडिमिरला ठाऊक होतं, चकती जायची ती खालची. तो कप ठेवून निघून गेला. मायलोला वाटलं आपण जिंकलो. पुढं कितीतरी दिवस तो ही गोष्ट रंगवून सांगत होता.

जॉर्जीननं मात्र त्या दिवसापासून हात आवरला. आणि गंमत अशी की त्यानंतरच दार खरं बिघडलं. लॅडिमिरनं इंजिन बसवलं, गाडी ठोकळ्यांवरून उतरवून चाकांवर उभी केली, आणि दार वरच्या मागच्या कोपऱ्यात चौकटीला घासायला लागलं. त्यानं वरच्या चकत्या बदलल्या, खालच्या बदलल्या, बिजागऱ्या उलट्यापालट्या केल्या. काही केल्या जमेना. जेवताना मीठदाणी आणि लोण्याचं भांडं आता नुसतंच समोर असायचं. एक दिवस बाहेरून ग्राइंडरचा आवाज आला. जॉर्जीन लाट्या करत होती, ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर धावली. लॅडिमिर दाराची वरची कड घासून कमी करायला निघाला होता.

"ठेव ते खाली," ती म्हणाली. "दाराचा काही दोष नाही. केबिन मागच्या डाव्या कोपऱ्यात खाली बसलीय. तिच्याखाली एक चकती घाल."

ग्राइंडर थांबला.

"तुला काय माहीत?"

"मी एकदा तिथली चकती काढून बघितली होती. दार वर असंच घासलं होतं. त्या दिवशी तू इतका रडकुंडीला आलास, की मीच परत घातली."

लॅडिमिरनं ग्राइंडर खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, की हे सगळं तूच करत होतीस का? तिनं हो म्हटलं. का, असं विचारलं. तिनं खसखशीपासून सगळं सांगितलं, चमच्यांसकट, तळघराच्या फळीसकट. सांगताना तिला जरा हसू येत होतं. त्याला येत नव्हतं.

"मला वाटलं मी चाललो," तो म्हणाला. "दादाचं झालं होतं तसं. मी लिंकनच्या दवाखान्यात जाऊन डोळे तपासून आलो, तुला न सांगता. डोळे ठीक होते. म्हणजे मग डोकंच, असं धरून चाललो होतो."

त्याचा थोरला भाऊ शेवटी बायकोला ओळखत नव्हता. जॉर्जीन पायरीच्या पत्र्यावर बसली. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं नंतर मला सांगितलं, की इतकं वाईट तिला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं असेल. लॅडिमिर तिच्या शेजारी बसला. तिचे पिठाचे हात त्याच्या विजारीला लागले. मग म्हणाला, "त्या रविवारी फादरच्या नाकाला काय लागलं होतं गं?" आणि मग दोघं हसायला लागले, ते मला पलीकडे माझ्या परसात ऐकू येईपर्यंत.

त्या दुपारी त्यांनी मिळून काम केलं. तिनं जॅक लावून केबिनचा कोपरा उचलला, त्यानं खाली चकती सारली. दार त्यानं मागून धरलं, बोल्ट तिनं आवळले, कारण नजर तिची जास्त पक्की निघाली. पट्टी वरपासून खालपर्यंत कुठंही न अडखळता फिरली. दार लोटलं तर जड, दबका, एकच आवाज आला. त्यांनी ते पाच-सहा वेळा उगाच लावून बघितलं.

पण लॅडिमिरनं बदला घेतल्याशिवाय सोडलं नाही. रात्री बडीशेपेच्या पाल्याची आमटी वाढून घेताना तो अगदी शांतपणे म्हणाला, "थोडी अजून, व्लास्ता." जॉर्जीनच्या हातातला पळा तिथंच थांबला. त्यानं पाव मोडला, आमटीत बुडवला, तिच्याकडे अनोळखी नजरेनं बघत खाल्ला, आणि चेहरा कायम ठेवणं असह्य झालं तेव्हाच फुटला. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. फिटंफाट झाली, असं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं.

उजवं दार, दोन्ही मडगार्ड आणि बॉनेट जॉर्जीननंच लावलं. लॅडिमिर धरायला उभा राहायचा आणि सूचना करायचा, त्या ती ऐकायची नाही. गावाच्या ऑगस्टमधल्या उत्सवाला ट्रक मिरवणुकीत निघाला, तेव्हा तो आकाशी रंगात चमकत होता, आणि फटींमधून ती लाकडी पट्टी कुठंही अडखळली नसती. डावीकडच्या स्टिअरिंगवर ती होती. तिच्या वडिलांनी मुलींना त्या ट्रकच्या स्टिअरिंगला कधी शिवू दिलं नव्हतं, धाकट्या भावाला दिलं होतं, आणि त्यानंच तो तुतीच्या झाडीत नेऊन घातला होता. हे तिनं निघताना पहिल्यांदा सांगितलं, लॅडिमिरलासुद्धा.

मिरवणुकीत रस्त्याकडेच्या पोरांना खाऊच्या गोळ्या फेकायचं काम लॅडिमिरकडे होतं. आमच्या बँडच्या मागं त्यांचा ट्रक, त्याच्यामागं अग्निशमनाची गाडी. चर्चच्या चौकात मिरवणूक डावीकडे वळते. बँड वळला. जॉर्जीन वळली नाही. ती सरळ गेली, गावाबाहेर, नदीकडच्या रस्त्याला लागली आणि तिनं वेग वाढवला. मागची अग्निशमनाची गाडी काही क्षण कुणाच्या मागं जावं या विचारात चौकातच थांबली. आम्ही बघत होतो. दोन्ही बाजूंना मक्याची उभी शेतं, मधून तो आकाशी ट्रक धूळ उडवत चाललेला, आणि उजव्या खिडकीतून लॅडिमिरचा हात मक्याला गोळ्या फेकत होता.