ड्रममध्ये कोंबलेलं घर

भूकंप या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या ड्रमवादकाविषयी ज्या कथा प्रचलित आहेत, त्यांतल्या बहुतेकींना पुरावा नाही. आणि ज्यांना आहे, त्या सांगण्याजोग्या नाहीत. एका कार्यक्रमात त्याने सतरा काठ्या मोडल्या असं म्हणतात. प्रत्यक्षात पाच मोडल्या, आणि त्यांतल्या दोन त्याच्याच बुडाखाली आल्या होत्या. हॉटेलच्या चौथ्या मजल्यावरून त्याने स्टूल भिरकावलं, हेही सर्वश्रुत आहे. मजला पहिला होता, स्टूल शेजारच्या खोलीतलं होतं आणि ते पडलं बँडच्याच गाडीच्या काचेवर.

मात्र एक गोष्ट त्याचे वैरीसुद्धा नाकबूल करत नाहीत. त्याने पेडल दाबलं की त्या सव्वीस इंची सोनेरी बेस ड्रममधून येणारा आवाज घुमत नसे, लांबत नसे. भरल्या पोत्यावर मूठ बसावी तसा एकदाच ‘धप्प’ होई आणि ऐकणाऱ्याच्या बरगडीत जाऊन बसे. इतर वादकांनी तसेच ड्रम आणले, तसंच पेडल आणलं, कोणी तर त्याच्यासारखं पिऊनही पाहिलं. आवाज काही आला नाही. या आवाजाचं रहस्य काय, असं विचारल्यावर एका मुलाखतीत भूकंपाने डोळे मिटून सांगितलं होतं, “त्या ड्रममध्ये मी माझं घर कोंबलंय.” यावर चाहते रडले, समीक्षकांनी लेख लिहिले. भूकंपाने आयुष्यात जी मोजकी खरी वाक्यं उच्चारली त्यांतलं हे एक होतं; कदाचित म्हणूनच ते कोणी शब्दशः घेतलं नाही.

ज्या घराबद्दल तो बोलत होता, त्या घरात त्याची पहिली बायको राहत होती. (दुसरीने वर्षभरात आणि तिसरीने सात महिन्यांत काढता पाय घेतला होता, त्या दोघींना घर मिळालंच नाही, हॉटेलच्या खोल्या मिळाल्या.) पहिली बायको दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. प्लास्टरचा साचा हातात घेऊन माणूस कुठल्या बाजूने चावतो, झोपेत दात खातो की नाही, हे ती अचूक सांगे. माणसं समजायला तिला तोंड पाहावं लागत नसे. नवऱ्याच्या बाबतीत तिने तोंड पाहिलं होतं, तिथेच फसली.

तिच्यासोबत तिची सासू राहत होती. वय त्र्याऐंशी. मुलगा निघून गेला तेव्हा सासूबाई सुनेला म्हणाल्या होत्या, “त्याला जायचं तर जाऊ दे, मला उठायला सांगू नकोस.” त्या उठल्या नाहीत. त्यांची कवळी सुनेनेच घडवली होती, आणि त्या कवळीने त्या बावीस वर्षं सुनेलाच तोडत होत्या.

तोडण्याला निमित्त होतं एका दुलईचं. सासरे वारल्यावर सासूबाईंनी त्यांचे बारा शर्ट उसवून नातीसाठी जाड दुलई शिवली होती. निळ्या रेघांच्या एका शर्टाचा खिसा मात्र त्यांनी उसवला नाही. सासरे त्यात चष्मा ठेवत. नात आठ महिन्यांची असताना एका सकाळी दोरीवर वाळत घातलेली ती दुलई नाहीशी झाली. त्याच आठवड्यात नवराही नाहीसा झाला. पण सासूबाईंनी हंबरडा फोडला तो दुलईसाठी.

“वाऱ्याने उडाली असेल, आई,” सून म्हणाली होती.

“वाऱ्याने? बारा शर्टांची दुलई उडते आणि तुझा रुमाल तेवढा दोरीवर राहतो? मोठा चोखंदळ वारा गं तुझा!”

तेव्हापासून घरातली प्रत्येक चूक त्या दुलईने मोजली जाई. दूध उतू गेलं की “दुलई हरवलीस तशी!” किल्ली सापडेना की “दुलई हरवलीस तशी!” नात मोठी झाली, शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, निरोप देताना दारातही तेच वाक्य ऐकून गेली. या उन्हाळ्यात डॉक्टर सासूबाईंच्या हृदयाविषयी बोलताना आवाज खाली आणू लागले. सुनेला दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती ही होती, की ही बाई आरोप मागे न घेताच गेली तर? मग तो मागे घ्यायचा कोणी?

अशात एक दिवस संग्रहालयाचा संग्रहपाल घरी आला. भूकंपाचे ड्रम आता काचेआड ठेवले जाणार होते.

“मॅडम, सरांची एखादी वस्तू? पत्र, कपडा, काहीही.”

“त्यांची आई आहे,” ती म्हणाली. “नेता का?”

“काचेआड?” आतून सासूबाई ओरडल्या. “कवळीसकट नेणार असेल तर येते!”

तो कसनुसा हसला आणि त्याने छायाचित्रं मांडली. सोनेरी ड्रम चारी बाजूंनी टिपला होता. समोरच्या पडद्याला वीतभर रुंदीचं गोल भोक होतं. माईक आत घालण्यासाठी असतं ते. “हा पडदा बावीस वर्षांत उघडलेला नाही,” संग्रहपाल भक्तिभावाने म्हणाला. “सर म्हणतात, उघडला तर नाद मरेल.”

तिने प्रयोगशाळेतलं भिंग काढलं. दाताला गेलेली केसाएवढी चीर ज्या नजरेने ती शोधे, त्याच नजरेने तिने ते भोक पाहिलं. आत काळोख होता. काळोखात कापड होतं. कापडावर निळ्या रेघा होत्या, आणि रेघांवर एक खिसा.

तिने भिंग बाजूला ठेवलं. मग आत वळून म्हणाली, “आई, उद्या बाहेर जायचंय. चांगली साडी काढा.”

“कोण गेलं?”

“कोणी गेलं नाही. कोणी तरी सापडलंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी संग्रहालयाच्या दालनात भूकंप स्वतः हजर होता. उद्घाटनाला तो दहा मिनिटं वाजवणार होता. केस रंगवलेले, जॅकेट चामड्याचं, गुडघ्याला पट्टा. आईला पाहताच त्याने दोन्ही हात पसरले.

“आई! तू माझ्यासाठी आलीस?”

“नाही रे. हिने आणलं.” सासूबाई वाकून, एक डोळा मिटून, भोकातून आत पाहत होत्या. सरळ झाल्या आणि म्हणाल्या, “माझी दुलई.”

भूकंप हसला, मग थांबला. “अगं, ते रेकॉर्डिंग होतं त्या दिवशी. ड्रम नुसता भणभणत होता. सगळेच काही ना काही भरतात आत, उशी, ब्लँकेट... ही बसली बघ बरोबर.”

“उशीही होती घरात,” त्याची बायको म्हणाली.

“उशी मला लागायची.”

“आणि सांगितलं का नाहीस?”

“मुलाखतीत सांगितलं की!” भूकंप दुखावला. “घर कोंबलंय म्हणून. स्पष्ट सांगितलं!”

“अरे, बावीस वर्षं मी हिला बोलतेय,” सासूबाई म्हणाल्या. “उठता बसता.”

“मग ते तुमचं दोघींचं झालं ना. मी कुठे मध्ये पडू?”

सासूबाईंनी पदर खोचला आणि सरळ भोकात हात घातला, कोपरापर्यंत. खिसा त्यांच्या मुठीत आला, पण मूठ बाहेर येईना. संग्रहपाल “ऐतिहासिक पडदा! ऐतिहासिक पडदा!” करत भोवती नाचू लागला.

“मूठ सोड, आई,” भूकंप म्हणाला.

“मेले तरी सोडणार नाही. तू काढ तो पडदा.”

“आवाज जाईल!”

“जाऊ दे. मला कुठे ऐकायचाय.”

शेवटी संग्रहालयाच्या दुरुस्ती कारागिराने खिशातून ड्रमची चावी काढली आणि कडेचे दहा स्क्रू एकामागून एक सैल केले. बारा शर्टांची दुलई बाहेर आली. तिच्यासोबत सिगारेटची थोटकं, अर्धी काठी आणि कुणा तिसऱ्याच बाईचं कानातलं आलं. संग्रहपालाने हातमोजे घालून या सर्वांना क्रमांक दिले. दुलईला क्रमांक देण्यासाठी तो पुढे झाला, पण सासूबाईंची कवळी पाहून मागे सरला.

पडदा पुन्हा बसवल्यावर भूकंपाने पेडल दाबलं. गच्चीवरच्या रिकाम्या टाकीला कोणी लाथ घालावी तसा ‘ढांऽऽग’ असा आवाज दालनभर लोळत गेला. त्याने जॅकेट काढून आत कोंबलं. जॅकेट भारी होतं, पण पातळ होतं. आवाज सुधारला नाही. उद्घाटनाला ड्रम तसाच वाजला, आणि एका समीक्षकाने लिहिलं की वादकाने आता रितेपणाशी संवाद साधला आहे.

घरी दुलई चार पाण्यांतून काढली तरी तंबाखूचा वास गेला नाही. सासूबाई ती पांघरून झोपतात. खिशात चष्मा असतो. आठवड्याभराने संग्रहालयाचा अर्ज आला: वस्तू कायमस्वरूपी द्यावी. ‘सद्यस्थिती’ या रकान्यात सासूबाईंनी लिहिलं, ‘वापरात’.

सुनेची माफी त्यांनी मागितली नाही. सून वाट पाहत राहिली. एक दिवस, चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी दूध उतू गेलं. गॅसवर जळका फेस पसरला, आणि स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या राहिल्या.

“लक्ष कुठे असतं गं तुझं? दु—”

त्या थांबल्या. जिथे बावीस वर्षं न चुकता ठोका पडत होता तिथे काहीच पडलं नाही. सुनेने हातातलं फडकं तसंच धरून मनात मोजलं: एक, दोन, तीन, चार.

“दूध सांडलंस,” सासूबाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, खोलीकडे वळता वळता, “आणि बाहेरच्या दोरीवर माझी दुलई आहे. लक्ष ठेव. ते ध्यान सुटलंय अजून मोकळं.”